रडणारी नर्स आणि भाऊजींचा पाय

आमच्या व्हियारिकाच्या सरकारी इस्पितळात निमिया ओखेदा नावाची एक नर्स आहे. वॉर्डात नवा पेशंट आला की शेजारच्या खाटेवरचा त्याला आधीच सांगून ठेवतो, "आता ती गोरी, उंच मुलगी येईल ना, ती रडेल हां. घाबरू नका. तुम्ही मरत नाही आहात. ती तशीच आहे."

आणि खरंच रडते. तुमची ड्रेसिंगची पट्टी बदलता बदलता, तुमची कहाणी ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं आणि खाली हात मात्र घड्याळासारखे चाललेले असतात. लांबलांबच्या गावांहून येणारे लोकसुद्धा फाटकावर विचारतात, "ती रडणारी आज ड्यूटीवर आहे का?" असेल तर जीव भांड्यात पडतो त्यांचा.

मला विचारतात, कारण फाटकासमोर माझं दुकान आहे. दुकान कसलं, एक पाटी, एक बाकडं आणि लाकडी उखळ. मी सेफेरिना. औषधी पाला कुटून देते, लोक तो तेरेरेच्या, म्हणजे आमच्याकडच्या थंड चहाच्या, पाण्यात घालून पितात. माझी जीभ जरा तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. पाला तर माझ्याकडचाच नेतात.

तर ही निमिया. इतुर्बेकडच्या उसाच्या गावातली. नर्सिंगच्या शाळेत आली तेव्हा काडीसारखी होती आणि डोळे असे, की जणू नुकतंच कुणीतरी रागावलंय. पहिल्याच आठवड्यात हिने पराक्रम केला. मुलींना सुई टोचायला शिकवायला तिथे एक रबरी बाहुला आहे. सगळ्या मुलींनी टोचली. हिची पाळी आली तर बाहुल्याच्या दंडावर हात ठेवून म्हणते, "थोडंसं दुखेल हं." आणि टोचल्यावर डोळ्यांना बाही! अहो, रबराच्या बाहुल्यासाठी! सगळा वर्ग हसून हसून लोळला. बिचारीचं नाव पडलं रडूबाई.

पुढे खरे पेशंट आले, मग तर काय विचारता. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला एक गडी हिला रडताना बघून इतका कासावीस झाला की स्वतःच्या जेवणातलं केळं हिला देऊन बसला. आणि एकदा तर कहरच झाला. बाळंतकळा येणारी बाई, घामाने निथळलेली, ती हिचा हात धरून म्हणतेय, "रडू नको गं बाळा, होईल सगळं नीट." हे नेमकं ओबदुलिया बाईंनी पाहिलं.

ओबदुलिया रिकेल्मे म्हणजे त्या मुलींच्या मुख्य शिक्षिका. इस्त्रीचा कडक गणवेश, पावलांचा आवाज आला की डॉक्टरसुद्धा चहाचा कप लपवतात. त्यांनी निमियाला बाहेर आणलं ते थेट माझ्या बाकड्यापर्यंत. मी उखळात मान घालून कुटत होते, पण कान काय कुणी बांधले होते का माझे!

"हे बघ मुली," बाई म्हणाल्या, "तुझं मन चांगलं आहे, मला दिसतं ते. पण तू रडलीस की काय होतं माहितीये? पेशंट आपलं दुखणं लपवतो. त्याला वाटतं, आधी हिला सांभाळावं. त्या बाईला कळा येत होत्या आणि ती तुला धीर देत होती! ही माया नव्हे, हे ओझं आहे."

निमिया रडत होती.

"महिनाअखेरीस परीक्षा आहे. खऱ्या पेशंटचं ड्रेसिंग करायचं, त्याच्याशी बोलायचं, मी खाटेशी उभी असेन. तुझ्या डोळ्यांतून एक थेंब जरी आला तरी मी तुला पुढच्या वर्षात घेणार नाही. घरी जायचं."

बाई निघून गेल्या. मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं खोटं होतं असं नाही. घरी जायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. हिच्या बापाने आधीच सांगून ठेवलं होतं, की नापास झालीस तर उसाच्या तोडीला ये, हात आहेतच.

मग मी ठरवलं, या पोरीला तयार करायची. रोज दुपारी बाकड्यावर बसवायची, तेरेरेचा पेला हातात द्यायचा आणि दुःखाच्या गोष्टी सांगायच्या. हिने नुसतं ऐकायचं, रडायचं नाही. माझा नवरा कसा गेला ते सांगितलं, रडली. माझं गाढव कसं गेलं ते सांगितलं, जास्तच रडली. शेवटी वैतागून मी म्हटलं, "आज बाजारात टोमॅटो मिळालेच नाहीत बाई," तर हिचे डोळे भरलेच!

"अगं भवाने, टोमॅटोसाठी?"

"टोमॅटोसाठी नाही, मावशी. तुम्ही एवढ्या लांब चालत गेलात आणि रिकाम्या हाती आलात..."

आता काय करावं अशा पोरीचं, सांगा.

उपाय तिनेच शोधून काढला. एके दिवशी माझ्यासाठी पाला निवडत होती आणि मी मुद्दाम गाढवाची गोष्ट पुन्हा काढली. डोळे कोरडे! मी चकित. विचारलं तर म्हणाली, "मावशी, मी मनात तुमच्या पाटीवर लिहिलेली पाल्यांची नावं म्हणत होते. कोकू, पुदिना, सांता लुसिया, घोडेशेपूट, लिंबाचा पाला. संपली की पुन्हा पहिल्यापासून." दोघींनी टाळ्या पिटल्या. मी तिला फुकट चिपा खाऊ घातली, ताजी, भट्टीतून आलेली, आत चीज वितळलेलं. वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

आता भाऊजींकडे येते. एलादिओ म्हणजे माझे धाकटे दीर. याताइतीला राहतात, जन्मभर उसाच्या बैलगाड्या हाकल्या. उसाशेजारी राहून राहून साखर त्यांच्या अंगातच शिरली म्हणायची. पायाला जखम झाली, ती बरी होईना, बोटं काळी पडली, तरी हा माणूस जुन्या बुटात पाय कोंबून फिरतोय. आणलं शेवटी त्यांना ओढून. डॉक्टर म्हणाले, पाऊल काढावं लागेल, घोट्याच्या वरून. नाही काढलं तर विष वर चढेल आणि मग पाय काय, माणूसच जाईल.

भाऊजी हसले. हा माणूस कशालाही हसतो. त्यांची बायको फाउस्तिना वारली तेव्हासुद्धा दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी देत होते, चेष्टा करत होते. मला म्हणाले, "वहिनी, बरं झालं, आता चपला अर्ध्या किमतीत."

"गप्प बसा हो भाऊजी! लाज नाही वाटत?"

"लाज याच पायात होती. आता तीही जाईल."

ऑपरेशनच्या कागदावर सही मात्र करीनात. उद्या बघू, परवा बघू. आणि नेमका याच पेशंटवर निमियाची परीक्षा लागली.

तो दिवस मला आठवतो. मी वॉर्डाच्या दाराशी उभी, हातात थंड पाण्याचा थर्मास. खाटेशी ओबदुलिया बाई, खांबासारख्या. निमियाने पट्टी सोडली, जखम धुतली, सगळं हळुवार. भाऊजी तिच्याशी बोलत होते, खालच्या आवाजात, ग्वारानीत. आमच्याकडे पोटातलं बोलायचं ते ग्वारानीत, डॉक्टरांशी स्पॅनिश. मला ऐकू येत नव्हतं, पण निमिया मान डोलवत होती, हसत होती, मध्येच "हो काका," "छान काका," म्हणत होती. डोळे ठणठणीत कोरडे. ओबदुलिया बाईंच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं! मी तर दारातच देवाचे आभार मानले.

निमिया पास झाली. मैत्रिणी तिला घेऊन माझ्या बाकड्यावर आल्या, गाणी काय, नाच काय. मी पाला कुटतेय आणि कमरेने तालही धरतेय, या वयात!

तेवढ्यात आतून निरोप आला. भाऊजींनी ऑपरेशनला साफ नकार दिला. आधी उद्या-परवा होतं, आता नाहीच म्हणतात. घरी जातो म्हणतात.

मी तडक आत गेले. "मरायचंय का भाऊजी? सांगा तसं, म्हणजे मी काळा झगा धुवून ठेवते!"

आणि पहिल्यांदाच आयुष्यात हा माणूस हसला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माझं मला कळतं. त्या पोरीला विचारलं मी. तिनेच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"जा, तिलाच विचारा."

झालं! माझं डोकं फिरलं. मी परत फाटकाशी आले आणि त्या नाचणाऱ्या पोरीचा दंड धरला. "काय गं, काय बोललीस माझ्या दिराशी? काय विचारलं होतं त्यांनी तुला?"

निमियाच्या हातातली चिपा तशीच राहिली. "काका... बोलत होते काहीतरी. मी..." आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, मी नावं म्हणत होते. कोकू, पुदिना... मी ऐकलंच नाही. एक शब्दसुद्धा ऐकला नाही मी."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. पण ती तिथे थांबलीच नाही. धावत आत गेली. तिच्या मागे मी, थर्मास हलवत, धापा टाकत.

वॉर्डात ओबदुलिया बाई होत्याच, दुसऱ्या मुलीची परीक्षा घेत. निमियाने त्यांच्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, पोरी, विचार कर, आता रडलीस तर गेलीस कामातून. पण ती सरळ भाऊजींच्या खाटेपाशी गेली, स्टूल ओढलं, बसली.

"काका, मघाशी तुम्ही बोललात ते मी ऐकलं नाही. रडू येऊ नये म्हणून मनात दुसरंच काहीतरी म्हणत होते. चुकलं माझं. परत सांगाल का?"

भाऊजी भिंतीकडेच बघत राहिले. "एकदा विचारायलाच मला चार दिवस लागले, मुली."

"मी बसते," ती म्हणाली. "घाई नाही."

आणि बसली. मी दोन-तीनदा तोंड उघडलं, तर ओबदुलिया बाईंनीच मला डोळ्यांनी दटावलं. शेवटी भाऊजी वळले.

"कापलेला पाय हे लोक कचऱ्यात टाकतात का, असं विचारलं मी तुला. तू म्हणालीस, हो काका, छान."

बाई गं!

निमियाच्या गालांवरून धारा लागल्या. भाऊजी लगेच उठायला लागले, "अगं अगं, रडू नकोस..." सवयच ना सगळ्यांना. पण तिने त्यांचा हात धरून खाली ठेवला.

"माझ्या डोळ्यांकडे लक्ष देऊ नका, काका. ते असेच आहेत, वाहतात. मला काही झालेलं नाही. तुम्ही बोला, माझे कान तुमच्याकडेच आहेत."

मग भाऊजी बोलले. फाउस्तिनाशेजारी त्यांनी आपली जागा राखून ठेवली आहे. उद्या मेल्यावर तिच्याजवळ जायचं, ते काय अर्धवट जायचं? याच पायांनी तिच्याशी पहिल्यांदा नाचले होते ते, याताइतीच्या जत्रेत. एक पाय इस्पितळाच्या उकिरड्यात आणि दुसरा तिच्यापाशी, हे त्यांना सहन होत नव्हतं. डॉक्टरांना विचारायची लाज वाटत होती, डॉक्टर हसतील म्हणून. घरच्यांना विचारलं तर आम्ही हसू म्हणून. आणि खरं सांगते, हसलोच असतो आम्ही. त्यांनीच आम्हाला तसं लावून ठेवलं होतं. "तू सगळ्यांसाठी रडतेस," ते निमियाला म्हणाले, "म्हटलं, ही तरी हसणार नाही."

"पाय तुम्हाला परत मिळाला तर?" निमियाने विचारलं. नाक पुसत होती बाहीने, पण आवाज नीट होता. "पेटीत घालून, याताइतीला नेऊन, फाउस्तिना काकूंजवळ पुरायचा. तर कराल ऑपरेशन?"

"देतात का परत?"

"मला माहीत नाही. विचारून येते."

ती वळली तर मागे ओबदुलिया बाई उभ्या. बाईंनी तिच्या ओल्या तोंडाकडे पाहिलं, मग भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी उशीला टेकून बसले होते आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे पाण्यासाठी हात केला.

"मागच्या परीक्षेत तू नापास आहेस," बाई म्हणाल्या. "पेशंट बोलतोय आणि तू छान छान करतेस! मलाही कळलं नाही, ती माझी चूक. आजची धरते मी. आता चल माझ्याबरोबर सर्जनकडे. आणि बाही वापरू नकोस, रुमाल घे."

देतात हो परत! घरच्यांनी मागितलं तर कागदपत्रं करून देतात. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण विचारणारच कोण? भाऊजींनी त्याच संध्याकाळी सही केली. वर अट घातली, "मी आल्याशिवाय पुरायचा नाही. माझाच पाय आहे, मीच हजर नको का?" ओबदुलिया बाईंनी शवागाराच्या थंड खोलीत त्याची व्यवस्था लावली. तिथल्या माणसाला रोज बजावून यायच्या, की बाबा, हा हरवला तर तुझा घेईन.

ऑपरेशन झालं. भाऊजी भराभर सुधारले. ज्या दिवशी घरी सोडलं त्या दिवशी आमची वरात निघाली. वरातच म्हणायची. गाडीत पुढच्या सीटवर भाऊजी, मांडीवर सुताराने केलेली छोटी पेटी, आतून याताइतीच्या भरतकामाच्या पांढऱ्या कापडाचं अस्तर. ते भाऊजींच्या धाकट्या बहिणीने, ब्रिखिदाने, स्वतः भरलेलं. मागे मी, निमिया आणि सणासारख्या नटलेल्या तिच्या मैत्रिणी. वाटेत पोलिसाने गाडी थांबवली. "पेटीत काय?"

"माझा पाय," भाऊजी म्हणाले.

पोलिसाने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मोजले आणि सलाम ठोकून सोडून दिलं.

गावात तर सगळेच जमले होते. कुणी हार्प आणला होता, कुणी गिटार, भट्टीतून चिपा निघत होत्या. प्रार्थना म्हणणाऱ्या बाईंची पंचाईत झाली. "मेलेल्या माणसाची प्रार्थना म्हणू की आजाऱ्याची?" शेवटी दोन्ही थोड्या थोड्या म्हटल्या. भाऊजींचं तोंड सुरूच. "फाउस्तिना, जागा धरायला सामान पाठवतोय गं. बाकीचा माणूस मागून येतो, घाई करू नकोस." लोक हसून हसून बेजार. मीसुद्धा. कबरस्तानात एवढा हशा मी कधी ऐकला नव्हता, आणि मला फार बरं वाटत होतं.

पेटी खाली उतरवली. पहिली मूठमाती भाऊजींनी द्यायची होती. चाकांच्या खुर्चीतून ते वाकले, मूठ भरली आणि तसेच थांबले. मूठ उघडेना. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आम्हाला वाटलं हसतायत. पण ते रडत होते. हा माणूस, ज्याला बायकोच्या मयताला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, तोंड उघडं टाकून लहान पोरासारखा रडत होता.

लगेच सगळे धावलो. "अरे दादा, रडायचं नाही," ब्रिखिदा म्हणाली. "आनंदाचा दिवस आहे!" दुसरा म्हणाला, "वाचलात ना, मग?" मीही काहीतरी बोलणारच होते. हार्पवाल्याने तर घाईघाईने एक नाचाचं गाणं सुरू केलं.

"थांबा," निमिया म्हणाली. एवढ्या मोठ्याने तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "कुणी काही बोलू नका. तो हार्प थांबवा."

हार्प थांबला. ती त्या मातीत गुडघ्यांवर बसली, कापलेल्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीच बोलली नाही. तिचे डोळे वाहतच होते. भाऊजी रडत राहिले आणि आम्ही सगळे नुसते उभे. फार अवघड असतं हो ते, नुसतं उभं राहणं.

मग भाऊजी बोलायला लागले. फाउस्तिना गेली त्या सकाळी ते साखर कारखान्याच्या रांगेत गाडी घेऊन उभे होते. निरोप आला होता, पण मागे-पुढे गाड्या, रांगेतून निघता येईना. पोचले तेव्हा तिचं तोंड झाकलेलं होतं. ती शेवटी काय म्हणाली ते त्यांना आजवर माहीत नाही. हे त्यांच्या मनात इतकं रुतून बसलंय हे घरातल्या आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

ब्रिखिदाने तोंडावर हात ठेवला. "दादा, इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?"

"बोलायला लागलो की तुम्ही म्हणायचात, रडू नकोस," भाऊजी म्हणाले. "म्हणून मग चेष्टा करायचो."

त्यांनी मूठ उघडली. माती पेटीवर पडली. ब्रिखिदा आपल्या नव्या कपड्यांसकट निमियाशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "ती गेली तेव्हा मी होते तिच्यापाशी. तू कधी विचारलंच नाहीस. काय म्हणाली ते मी सांगते. पण आधी तू सांग, सगळं." मग मीही बसले, आणि बाकीचेही एकेक करून बसले.